विहिरीवरचा सुरुंगवाला

जोरात आदळल्यावर दगड कसा फुटतो, यावर मी चार वर्षं संशोधन करत होतो. नमुन्याला काळा दगड हवा म्हणून औशाजवळ एका विहिरीच्या कामावर गेलो. तिथला सुरुंगवाला म्हातारा होता. शेजारच्या घरात बाळंतीण होती, म्हणून कमी दारूत खडक कुठं फुटेल हे ओळखायला तो हातोडीनं ठोकून पुन्हा पुन्हा कान लावत होता. शेवटी त्यानं दोनच भोकांत दारू ठासली. खडक फुटला, घरातलं बाळ जागंसुद्धा झालं नाही.

माझं काम ऐकून त्यानं विचारलं, "तुमचा दगड फुटाया किती वेळ लागतो, सर?"

"डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटतो."

"मंग चार वर्सं काय करून राहिले?"

"तो कसा फुटला, ते शोधतोय."

त्यानं हातावरची पूड झटकली. "कळालं तर सांगा. चाळीस वर्सं फोडून राहिलो, मला बी न्हाई कळालं."