धाकट्याचा फ्लेक्स

माझा धाकटा भाऊ म्हणजे आमच्या घरातला पहिला पदवीधर. विद्यापीठातून एम.एस्सी. होऊन आला आणि नोकरीचं नाव न काढता आष्ट्याजवळच्या आमच्या गावातच राहिला. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कुणाची म्हातारी आजारी पडली की हा तिला मिरजेला दवाखान्यात नेणार. कुणाच्या पोरीचा कॉलेजप्रवेश अडला की हा तिच्या बापाबरोबर सांगलीला. मयतीला सगळ्यांच्या आधी हजर, लग्नात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणार. एवढं फुकट कोण करतं हो? माझी खात्रीच होती, गडी निवडणुकीची पेरणी करतोय.

आमच्याकडे गावच्या पुढाऱ्यांविरुद्ध कुणी उभं राहिलं, की त्या घरच्या उसाला कारखान्याची तोड वेळेवर येत नाही; कारखाना त्यांच्याच हातात. ऊस रानात वाळत राहतो, आणि माझं सगळं घर त्या उसावर. मला भ्यायला एवढं पुरे होतं.

म्हणून मी पाळत ठेवली. त्यानं नवा पांढरा शर्ट शिवला की मी शिंप्याकडं जाऊन, असे आणखी किती शिवायला टाकलेत ते विचारून यायचो. त्याच्या वाढदिवसाला मी सकाळीच स्टँडवर चक्कर मारायचो, 'भावी सरपंच' म्हणून फ्लेक्स लागलाय का बघायला. कधीच नसायचा. म्हटलं, चांगलाच मुरलेला दिसतोय.

एकदा तोंडावरच विचारलं, "खरं सांग, कवा उभा ऱ्हाणार हायस?"

तो हसला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वैनी, च्या टाका." पुढंही जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा हेच.

गेल्या उन्हाळ्यात हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. स्टँडवर त्याचा पहिला फ्लेक्स लागला, श्रद्धांजलीचा. खाली हात जोडून निवडणुकीचे सगळे इच्छुक, दोन्ही गटांचे. मला त्यांचा संताप आला. त्यांच्यात एकही असा नव्हता, जो कधी कुणाला दवाखान्यात घेऊन गेला होता.

परवा शेजारची म्हातारी दारात येऊन बसली. धाप लागली होती. म्हणाली, "तुझा भाऊ असता तर मिरजेला न्हेलं असतं रं मला."

मी गाडी काढली. दिवसभर तिच्याबरोबर दवाखान्यात बसलो, संध्याकाळी तिला घरी पोचवून आलो. बायको दारातच उभी होती. माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "आवं, खरं सांगा. तुमी निवडणुकीला उभं ऱ्हाणार हायसा व्हय?"

मला एकदम भडभडून आलं. कसंबसं म्हटलं, "च्या टाक."