जुन्या कॉलसाइनची शेवटची तारीख

सोल्डरिंगचा वास आला की शेजारच्या निवृत्त सुभेदारकाकांची साताऱ्यातली गच्चीवरची खोली आठवते. काका हौशी रेडिओवरून देशोदेशी बोलत आणि प्रत्येक संपर्क वेबसाइटवर नोंदवत. समोरच्याची नोंद जुळली, तरच तो पक्का धरला जाई. वरच्या दर्जाचा परवाना मिळाला आणि त्यांचं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, बदललं. वेबसाइटवर ते बदलायचं काम माझ्याकडे आलं. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली, जुन्याचं नावनिशाण पुसण्यावर माझा विश्वास. साऱ्या जुन्या नोंदींवर मी नवं नाव चढवलं, आणि अकरा वर्षांचे पक्के संपर्क, त्यात जपानमधला एकजणही, पडद्यावरून एकदम गेले. मी घाबरले, काका मात्र वाकून बघत राहिले. "पोरी, त्या जपानवाल्यानं तवा त्याच्या वहीत काय लिवलं आसंल?" "तुमचं जुनंच नाव." "मग त्याला खोटं पाडतीस व्हय गं? लय शिकलीस." मी नोंदी पूर्ववत केल्या, वेबसाइट ज्यावर नोंदी स्वीकारते त्या जुन्या नावाच्या प्रमाणपत्राला नाव बदललं त्या दिवसाची शेवटची तारीख घातली आणि नव्या नावासाठी वेगळं प्रमाणपत्र मागितलं. जपानवाला परत आला, मागोमाग बाकीचेही. पत्रकं मी आजही लिहिते, तितकीच कडक. फक्त काही बदलायला निघाले, की ते आणखी कुणाच्या वहीत लिहिलंय, हे आधी विचारते.