काहिलीत बुडवलेलं धनुष्य

लग्नाची स्थळं यायला लागली की माझं डोकं फिरतं. त्या दिवाळीच्या सुट्टीत मी शिरूरहून घरी आले. तिथल्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे आणि आमचं गाव यवतच्या बाजूला. बॅग खाली ठेवते न ठेवते तोच आईनं सांगितलं की रविवारी पाटसची मंडळी येणार आहेत. मी लगेच ठरवलं, या सुट्टीत धनुष्य करायचं. अंगणात पोरगी कोयता घेऊन लाकूड तासत बसलेली दिसली की पाहुणे चहा पिऊन सुटतात, असा माझा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. मुलाच्या मावशीनं विचारलं, हे कशासाठी. मी म्हणाले, अजून नक्की केलं नाही. त्या बाईंनी पोहेसुद्धा अर्धेच खाल्ले.

पण नुसता पाहुणे पळवायचा कार्यक्रम नव्हता तो. शाळेतल्या पोरींना मी तिरंदाजी शिकवते ती विकतच्या धनुष्यांवर. एक तरी आपल्या हातानं करावं, आखूड, टोकं पुढच्या अंगाला वळलेली, असं फार दिवस मनात होतं. मोबाइलवर एक परदेशी दाढीवाला ते इतकं सहज करत होता की मला वाटलं, त्यात काय मोठं. मोबाइलवर सगळंच सोपं असतं म्हणा.

लाकूड मी आणलं होतं बांधावरच्या बाभळीचं. आता हा बांध म्हणजे आमच्या घराचं दुखणं. माझे वडील आणि माझे चुलते, म्हणजे आप्पा, यांची मोजणीवरून जुंपली आणि तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. ती बाभळ नेमकी बांधावर. ती कुणाची, हे मोजणीवाल्यालाही छातीठोक सांगता आलं नाही. म्हणून दोघांपैकी कुणीच तिला हात लावत नव्हतं. मी दिवसाढवळ्या गेले, मनगटाएवढी सरळ फांदी पाडली आणि खांद्यावर टाकून दोघांच्या देखत घरी आणली. दोघांनाही राग आला. पण तक्रार करायची तर फांदी कुणाची ते आधी ठरवायला हवं, आणि ठरवायचं तर बोलायला हवं. मग काय, दोघंही आपापल्या ओट्यावर फुरफुरत बसले. मला मात्र फार मजा वाटली.

अबोला कडक असला तरी विहीर सामाईक, मोटार सामाईक. अगदीच न बोलून भागत नाही. तेव्हा आप्पा कुत्र्याशी बोलतात. ते कुत्रं दोन्ही घरी भाकरी खातं, म्हणून त्यांना ते निःपक्ष वाटत असावं. "कुत्र्या, त्यांना म्हनावं पानी सोडा, पाळी झाली," असं मोठ्यानं सांगतात. वडील आमच्या म्हशीला सांगतात की आत्ताच तर मोटार चालू केली. म्हशीला काही देणंघेणं नसतं, पण निरोप पोचतो.

माझ्याशीही आप्पा कुत्र्याकरवीच बोलायचे. वडिलांची लेक ना मी, म्हणजे मी त्या पार्टीची. हे मात्र मला सोसायचं नाही. मला सायकल शिकवली ती आप्पांनी. पळायच्या स्पर्धेला पहाटे गाडीवर बसवून न्यायचे ते आप्पा. पुरे झालं पोरीचं खेळणं, असं सगळं घर म्हणत होतं तेव्हा घराशी भांडले तेही आप्पाच. आणि आता मी सुट्टीला आले की ते कुत्र्याला सांगायचे, "आली बघ शिरूरची एष्टी," आणि तोंड फिरवायचे. मला बांध नको होता, बाभळ नको होती. मला माझे आप्पा परत हवे होते आणि ते कसे मिळवायचे हे मला सुचत नव्हतं.

धनुष्य मात्र सुचत होतं. कोयत्यानं तासलं, कानशीनं घासलं, फुटक्या बरणीच्या काचेनं खरवडलं. मध्ये मुठीला जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळतं. दाढीवाला सांगत होता की धनुष्याच्या पाठीला, म्हणजे नेम धरताना पुढं येणाऱ्या अंगाला, हत्यार लावू नका. मी इतकी आज्ञाधारक, की पाठीवरची सालसुद्धा तशीच ठेवली. राहिली ती टोकं वळवायची. त्याला लाकूड चांगलं उकळावं लागतं. मी आईचं मोठं पातेलं चुलीवर चढवायला घेतलं, तर आईनं ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि वर म्हणाली की हे स्थळ गेलं ते याच लक्षणांनी.

मग मला गुऱ्हाळ आठवलं. उसाचा रस दिवसभर रटरट उकळतो, काहील, म्हणजे रसाची पसरट कढई, अंगणाएवढी, जाळ फुकटचा. आणखी काय पाहिजे? अडचण एवढीच, की गुऱ्हाळ आप्पांचं. आप्पा दुपारी जेवायला घरी गेल्याचं मी पाहिलं आणि धनुष्य घेऊन पोचले. गूळ करणारा गुळव्या होता उत्तर प्रदेशातला. तो काहिलीवरची मळी काढत होता. त्यानं विचारलं, मालिक को पूछा क्या? मी म्हणाले, पूछा. येताना मी कुत्र्याला विचारलं होतं आणि ते काही नाही म्हणालं नव्हतं.

एक टोक रसात बुडवून मी काठावर उभी राहिले. चांगलं मऊ झाल्यावर दुसरं टोक, आणि शेवटी अख्खंच आडवं आत सोडलं. गोड वास सुटला होता, मी अगदी खुशीत होते. तेवढ्यात गुळव्या पुटपुटला, दीदी, रंग देखो. सोन्यासारखा पिवळा रस लाकडाभोवती काळपट पडायला लागला होता आणि तो काळपटपणा पसरत चालला होता. बाभळीची तुरट साल, लोखंडाची काहील, दोन्ही मिळून काळा रंग होतो. शाळेत मी सायन्समध्ये बरी होते, पण तेव्हा काही आठवलं नाही.

आप्पा आले ते नेमके त्या वेळी. त्यांनी काहिलीत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग सवयीनं कुत्रं शोधलं. ते चिपाडाच्या ढिगावर झोपलेलं होतं. "कुत्र्या, हिला म्हनावं..." असं सुरू केलं खरं त्यांनी, पण एवढा राग कुत्र्याकडून पाठवण्यासारखा नव्हता.

"अगं ए, अक्कल शिरूरला ठिवून आलीस काय? बाभळीची साल टाकली रसात? शाई केलीस शाई! ह्यो गूळ कोन खानार, तुझा बाप?"

माझ्याशी बोलले. थेट माझ्याशी. मी हसायलाच लागले आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. त्यानं ते आणखी भडकले. मला, शाळेला, मोबाइलला, माझ्या वडिलांना, मोजणीवाल्याला, सगळ्यांना त्यांनी झोडपलं. जरा थकल्यासारखे वाटले की मी मुद्दाम उलटं उत्तर द्यायची, म्हणजे पुन्हा सुरू व्हायचे. तो काळा गूळ पुढे हायवेवरच्या एका टपरीवरून पुण्याच्या गाडीवाल्यांनी बिनकेमिकलचा म्हणून हौसेनं नेला. पण ते नंतर. त्या वेळी आप्पांना वाटत होतं की आपलं वाटोळं झालं.

शेवटी त्यांनी स्वतःच धनुष्य बाहेर ओढलं. चिकट, वाफाळलेलं. गोणपाटानं धरून म्हणाले, आता उकळलंयस तर वळव, गार झाल्यावर मोडंल. काहिलीखालच्या चुलाणाच्या भिंतीला टेकून एक टोक त्यांनी वाकवलं आणि दुसरं मी. लाकूड गार होईपर्यंत सोडायचं नसतं, नाहीतर पुन्हा सरळ होतं. म्हणून दोघं तसेच समोरासमोर दाबून उभे राहिलो. आता शिव्या संपल्या होत्या.

लाकडाची वाफ ओसरल्यावर आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "भांडान माझं आन् तुझ्या बापाचं. तू का गं न्हाई बोललीस?"

"तुम्ही कुत्र्याशी बोलायचात."

"मी म्हातारा हाय, मला कमीपना वाटतो. तुला कशाचा वाटत हुता? एकदा हाक मारली असतीस तर काय मी व्हय म्हनलो नसतो?"

मी हाक मारलीच नव्हती. त्यांची वाट बघत बसले होते, आणि तेही माझी वाट बघत होते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणाले, "आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "धर नीट."

लाकूड केव्हाच गार झालं होतं. ते दोघांनाही हाताला कळत होतं, पण सोडलं कुणीच नाही.