अक्कांची बुरशीची दवा

लग्न होऊन मी चोपड्याजवळच्या खेड्यात आले त्याच वर्षी, कापूस वेचताना, आमच्या चुलत सासूबाईंच्या पायात पऱ्हाटीचं खुंट घुसलं. त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांनी हळद दाबली आणि पुन्हा कापूस वेचायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजला, अंगात ताप भरला. आम्ही त्यांना बैलगाडीतून चोपड्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, विष वर चढतंय, पेनिसिलिन द्यावं लागेल. ते चोपड्यात नव्हतं. आमच्या यांनी सकाळची मोटार धरून जळगाव गाठलं आणि दुपारपर्यंत बाटल्या आणल्या. इंजेक्शनं दर चार तासांनी घ्यायची होती. सुई कुठे टोचणार हे कळल्यावर अक्का भिंतीला पाठ लावून बसल्या.

"दुखस पाय, आन सुई तठे कशाले?"

डॉक्टर हसले नाहीत. खाटेजवळ स्टूल ओढून त्यांनी नीट समजावलं की ही दवा रक्तातून पायापर्यंत जाते, आणि ती बुरशीपासून बनते. अक्कांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं, भाकरीवर येते ती बुरशी? डॉक्टर म्हणाले, तिच्याच जातीची. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. महिन्यापूर्वी माझ्या हातच्या लोणच्याला बुरी आली म्हणून त्यांनी मला सगळ्या आळीसमोर फैलावर घेतलं होतं.

"तुनं लोणचं मी उकिरडावर टाकं," त्या म्हणाल्या. "डाक्टरले द्याले पायजे व्हतं."

मी पदरात तोंड लपवून हसले. अक्काही हसल्या आणि सुई घ्यायला स्वतःच कुशीवर वळल्या.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी सूज ओसरून पायाची कातडी सैल पडली, सुरकुतली. आता नर्सबाईंना जरा उशीर झाला की अक्काच त्यांना हाक मारत. शेजारच्या खाटांवरच्या बायकांना त्या बुरशीची महती सांगत आणि मला साक्षीला उभं करत. सासरी आल्यापासून मी इतकी कधी हसले नव्हते.

आठवड्याने त्या काठी टेकत गाडीपर्यंत चालत आल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या दारातल्या निंबाला झोका बांधला, तेव्हा माहेरवाशिणींना बाजूला सारून अक्का आधी त्यावर चढल्या, दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, जोरात दे.