येळवशीची फेरी: ऑपरेशननंतर औशाच्या बांधावर

"संगे, आवंदा रानाची फेरी तू मारतीस का?" मामाने फोनवर विचारलं आणि मागचापुढचा विचार न करता मी हो म्हणून बसले.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेळ अमावस्या हा लातूरकडचा सण, मार्गशीर्ष संपता संपता येतो. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. पूजा झाली की घरातलं एक माणूस बांधाबांधाने पळत पिकावर आंबील शिंपडतं आणि दिवस मावळताना पेटता हेंडगा, म्हणजे वाळल्या गवताची मशाल, घेऊन पुन्हा एक फेरी मारतं. औशाजवळच्या आमच्या मामाच्या शेतात हे काम जन्मभर मामाच करत आला. यंदा त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मुलाला पुण्यात सुट्टी मिळेना आणि मी नांदेडला रोज पळते असं त्याच्या कानावर गेलेलं.

पळते ते खरं. पण कशी पळते ते त्याला ठाऊक नव्हतं. मी ब्लाउज शिवते. वीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली आणि स्वतःला कधी टेप लावला नाही. एकशे अठरा किलोवर गेल्यावर, जिना चढताना निम्म्यात बसायला लागल्यावर, जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं ऑपरेशन करून घेतलं. त्याला आता चौदा महिने झाले. वजन उतरलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून रोज सकाळी मैदानावर तीस मिनिटं पळायचं आणि तिसाव्या मिनिटाला सुटले बाई म्हणायचं. मला पळायचा मनापासून कंटाळा आहे. निघताना मी स्वतःशी ठरवलंच होतं, औशाहून आल्यावरही हा कंटाळा गेला नाही तर बूट देऊन टाकायचे आणि नुसतं चालायचं.

नांदेडहून लातूरला दिवसभर बस असतात. लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेतीन तास धरा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे सणाच्या आदल्या दिवशी उभं राहायलाही जागा नव्हती. लोह्याला चढलेली एक आजी आमच्या तिघींच्या बाकाजवळ येऊन म्हणाली, "सरका की वो बाई, तुमी तर बारीकच हाव."

मी दोनदा मागे वळून बघितलं. ती मलाच म्हणत होती! पूर्वी माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. सरकले आणि अहमदपूरपर्यंत अर्ध्या मांडीवर बसून आले, पण मन भरून आलं होतं. अहमदपूरला बस दहा मिनिटं थांबते. सगळे भज्यांवर तुटून पडले, मी डब्यातले उकडलेले मूग चावत बसले. असं ऑपरेशन झालेल्यांनी आपला डबा आणि आपली वाटी सोबत ठेवावीच. लातूरहून औशाला अर्धा-पाऊण तास.

मामाच्या घरी पोचले तर ओसरीत शेंगा सोलायचा कार्यक्रम चाललेला. मामीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय गं ही दशा! गाल कुठं गेले?"

"नांदेडलाच ठेवून आले, मामी."

"हसू नको. उद्या खायचंय पोटभर. येळवशीला शेतातनं उपाशी जायचं न्हाई."

सकाळी चारपासून घरात भज्जीचा वास. भज्जी म्हणजे कांद्याची भजी नव्हेत. हिरवे तुरीचे दाणे, वाल, हरभरा, मेथी, पातीचा कांदा असं रानातलं सगळं बेसनात शिजवलेलं दाट कालवण. सोबत बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि गाडग्यात आंबील, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेलं पातळ पेय. जीप भरून आम्ही रानात निघालो तेव्हा औशाचे रस्ते ओस पडले होते. बाहेरून येणाऱ्यांनी त्या दिवशी हॉटेल शोधत फिरू नये, सगळं बंद असतं. दिसेल त्या शेतात शिरा. ओळख नसली तरी जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.

मामाचं रान नऊ एकर, लांबट. बांधाने एक फेरी आठशे मीटरच्या आसपास. मैदानावर मी याच्या चौपट पळते, तेव्हा काळजी कसली? कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात, चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून मामाने पूजा केली. मी बुटाची नाडी आवळली, घड्याळ शून्यावर आणलं आणि आंबिलीचं गाडगं काखेत घेतलं. तेवढ्यात मामी पितळी पेला घेऊन आली, काठोकाठ आंबिलीने भरलेला.

"फेरी मारणारानं हे पिऊनच निघायचं. लक्ष्मीचं हाय."

मला एका वेळी चार घोट, तेही सावकाश, एवढंच जमतं. दोन घोट घेऊन पेला परत द्यायचा होता, बस्स. पण आजूबाजूला तीस माणसं उभी होती आणि मागून एक चुलतमामी हळूच म्हणाली, "पोट कापलेल्या बाईला कशाला दिली फेरी?" मला राग आला. मामा जसा प्यायचा तसा मी तो पेला एका दमात रिकामा केला.

"ओलगे, ओलगे!" अशी येळवशीची आरोळी ठोकत निघाले. डावीकडे ज्वारी, उजवीकडे करडई, पायाखाली काळ्या मातीची ढेकळं. एक डोळा घड्याळावर. पहिला कोपरा झकास गेला. दुसऱ्या कोपऱ्यावर, विहिरीजवळ, छातीखाली अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. गाडगं हातातून सुटलं, आंबील करडईत सांडली आणि मी बांधावर बसून ओकत राहिले. मामेबहीण सुरेखा पळत आली. मला कडेला बसवून, गाडग्यात उरलेली आंबील घेऊन तिनेच फेरी पुरी केली. साडीत, अनवाणी!

लाज वाटली, फार वाटली. त्याहून वाईट म्हणजे मामी रडायला लागली. "माझ्या हातानं झालं," म्हणत डोळ्याला पदर. तिला मी कसं सांगणार की चूक पेल्याची नव्हती, माझ्या ताठ्याची होती. शेवटी तेच सांगितलं, तेव्हा कुठे ती थांबली.

दुपारी सगळे जेवत असताना मी बाभळीखाली पडून होते. मामा काठी टेकत आला आणि बाजूच्या दगडावर बसला.

"पळताना मनगटाकडं काय बघून राहिली होतीस?"

"वेळ बघत होते."

"शर्यत हाय व्हय ही? रान बघावं की."

"मामा, मला पळायला आवडत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून पळते."

तो हसला. "मी तरी कुटं आवडीनं पळायचो? बापानं हेंडगा दिला हातात. लई जोरात पळलं की ठिणग्या अंगावर येतेत. हळू पळलं की फेरी पुरी व्हायच्या आधी जाळ हाताला येतो. मग जाळ म्हनंल तसं पळायचं. हळूहळू गोडी लागली. आता गुडघा न्हाई म्हनतो, तर राती सपनात पळतो बग."

मी उठून बसले. "संध्याकाळचा हेंडगा मी घेणार."

"मामी न्हाई म्हनंल."

"म्हणू दे."

मामी नाहीच म्हणाली. पंधरा मिनिटं वाद झाला. मी माझी वाटी काढली, अर्धी वाटी भज्जी आणि सुपारीएवढा उंडा तिच्यासमोर बसून वीस मिनिटं चावून खाल्ला. पाणी नाही, खीर नाही. "बघ, हेच माझं पोटभर," म्हटलं. तिने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच हेंडगा बांधायला गवत आणायला गेली.

दिवस कलला. घड्याळ काढून मी सुरेखाच्या हातात दिलं. मामाने काडी लावली आणि हेंडग्याने फुर्रकन पेट घेतला. आधी घाबरून जोरात सुटले तर ठिणग्या बाहीवर आल्या. वेग कमी केला. जाळ उंच झाला, सरळ झाला. त्याच्यापलीकडे काही बघायला सवडच नव्हती. विहीर आली आणि मागे पडली. शेजारच्या रानांतही हेंडगे पळत होते, लांब एका बांधावरून कुणीतरी माझ्याकडे बघून आरोळी ठोकली आणि मीही ठोकली. दम लागला होता, पण श्वास आपल्या लयीत छान चालला होता. तिसऱ्या कोपऱ्यावर माझ्या लक्षात आलं की मी हसतेय. एकटीच, मोठ्याने. बेचाळीस वर्षांत या शरीराने मला असं सुख कधी दिलं नव्हतं, आणि मीही त्याला कधी मागितलं नव्हतं.

कोपीशी पोचले तेव्हा हातात वीतभर हेंडगा उरला होता. तळव्याला एक फोड. मामी तूप घेऊन उभीच होती. काठी बगलेत धरून मामाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या येळवशीला त्याने पळायचं, मी त्याच्या मागोमाग पळायचं, असं ठरलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने नांदेड. दुकानात चार ब्लाउज राहिले होते, ते रात्रीपर्यंत संपवले. सकाळी गजराआधी जाग आली. घड्याळ टेबलावर होतं, ते तिथेच ठेवून मैदानावर गेले. तिथे रोज चालायला येणारे एक गुरुजी आहेत. मी दिसले की मिनिटं विचारतात आणि मी चोख सांगते.

त्या दिवशी उजाडून ऊन वर आलं तेव्हा मी थांबले. गुरुजींनी नेहमीसारखं विचारलं, "किती मिनिटं झाली आज?"

"कोण जाणे," मी म्हटलं. "मोजायचं राहूनच गेलं."