मामांच्या कानातली दुधाची गाडी

उजव्या हाताची करंगळी कानात घालायची, गदागदा हलवायची, बाहेर काढून उजेडात धरून बघायची आणि म्हणायचं, "थांबा, वाजतंय." मग आम्ही सगळे गप्प. बोलणं, दळण, भांडण, जे चाललं असेल ते जागच्या जागी थांबायचं. मामा मान तिरकी करून ऐकत राहायचे. शेवटी म्हणायचे, "न्हाय. माझंच हाय."

असा माणूस तुम्हीही कुठं पाहिला असेल. पण ज्याच्या कानावर अख्ख्या गावाचं दूध अवलंबून आहे, असा पाहिला नसेल.

नाव लिहीत नाही. बेंबळीच्या अलीकडच्या आमच्या गावात, बौद्ध वस्तीत, त्यांना सगळे मामाच म्हणायचे. वयानं त्यांच्याहून थोर होते तेही. आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही घरांत मिळून एक चूल पेटायची आणि तिच्यावर मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी भाजायची. दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी आम्ही पोरं पुरवून पुरवून खायचो. आई आणि मामी खडी फोडायला जायच्या. मामांनी पाझर तलावावर सुरुंगाचं काम घेतलं. त्या कामाला माणूस मिळत नव्हता, म्हणून त्यावरून कुणी काढतही नव्हतं.

"कानात कापूस तरी घालायचा मामा," पुढं कॉलेजात शिकायला लागल्यावर मी त्यांना म्हटलं.

"घातला असता की. पर तवा आंगावर घालायलाच नव्हता, कानाचं कुठं काढतीस."

एक दिवस एक सुरुंग उडेना. का उडेना म्हणून मामा बघायला गेले, आणि तो उडाला. हातपाय शाबूत राहिले. कानात मात्र जे सुरू झालं, ते थांबलं नाही.

पुढं गावात दुधाची सोसायटी निघाली आणि मामा संकलन केंद्रावर लागले. आमच्या वस्तीतली ती पहिली पगाराची नोकरी. सकाळी दूध मोजून घ्यायचं, त्याला फॅट किती लागते ते तपासायचं, कॅन भरायचे. धाराशिवची गाडी गावात येत नसे, फाट्यावर थांबे. फाट्यावर झाड नाही, सावली नाही. कॅन आधी नेऊन ठेवले तर दूध नासायचं. गाडीला वेळेचं बंधन नव्हतं. ड्रायव्हर दोनदा हॉर्न मारायचा, विडी शिलगावायचा आणि विडी संपली की निघून जायचा. तेवढ्यात हातगाडी ढकलत फाटा गाठायचा, हेच मामांचं खरं काम.

आता बघा. ज्याच्या कानात दिवसभर हॉर्न वाजतो त्याला खरा हॉर्न कसा कळावा? मामा कधी रिकाम्या फाट्यावर कॅन घेऊन उभे राहायचे, तर कधी गाडी येऊन गेली तरी केंद्रावर बसून म्हणायचे, "माझंच हाय." त्या दिवशी सगळ्या गावाचं दूध घरोघरी परत. घराघरात खवा.

मामी म्हणाली, "मी बसते केंद्रावर. वाजलं की सांगते."

"दुसऱ्याच्या कानानं नोकरी करू? उद्या म्हणतील, कानवालीलाच ठिवा."

ह्यात चेष्टा होती तशी भीतीही होती. आमच्या माणसानं गावाचं दूध मोजावं हे काहींना पहिल्यापासून रुचलं नव्हतं. उघड कुणी बोलत नव्हतं, कारण बोलायला तोंड नव्हतं. मामांच्या कानानं त्यांना ते दिलं. सोसायटीच्या बैठकीत चेअरमननी सांगितलं, "आणखी एकदा गाडी चुकली तर माणूस बदलावा लागंल. माझा इलाज न्हाय."

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन बेंबळीच्या शाळेत लागले होते. वस्तीतली पहिली पदवीधर. हे मी सांगायची गरज पडायची नाही, मामाच एसटीच्या कंडक्टरला सांगायचे. मी त्यांना धाराशिवला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत दिवा घालून बघितलं आणि जस्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. "काहींना ह्यानं बरं वाटतं, काहींना काही होत नाही. जेवणानंतर घ्या," म्हणाले.

मामांनी पहिली गोळी दवाखान्याच्या पायरीवरच घेतली, उपाशीपोटी. रिकाम्या पोटात औषधाला अडवायला कुणी नसतं, असं त्यांचं म्हणणं. एसटी गावाच्या वाटेला लागली आणि मामा खिडकीतून बाहेर वाकले ते फाट्यालाच सरळ झाले. "लागू पडलं," मला म्हणाले. "इतका येळ कानाकडं ध्यानच न्हवतं."

गोळ्या संपत आल्या. कान वाजतच होता. आणि मग मामांना केंद्राच्या कोपऱ्यात खजिना सापडला. सोसायटी सभासदांना म्हशींसाठी खनिज मिश्रण द्यायची. राखाडी भुकटी, आंबोणात कालवायची. तिच्या पुडक्यावर छापलं होतं: चुना, स्फुरद, तांबं, जस्त.

"बीएस्सीबाई," त्यांनी मला अंगणात गाठलं. "पुडक्यातलं जस्त आन गोळीतलं जस्त एकाच जातीचं का?"

"मामा, ते जनावराचं आहे. माणसानं खायचं नाही."

"म्या इचारलं काय, तू सांगतीस काय. जात एक का निराळी?"

"धातू एकच. पण..."

"बास. पुढचं नगं."

माझ्या डिग्रीचा त्यांना फार अभिमान. पण तिच्यातून हवं तेवढंच उत्तर काढून घ्यायचे, कणसातून दाणे काढावेत तसं. दुसऱ्या दिवसापासून जेवताना भाकरीवर तेल, तिखट आणि चिमूटभर म्हशीचं मिश्रण. मामीनं पुडकं दोनदा लपवलं. मामांना दोनदा ते सापडलं आणि तीनदा त्यांचं पोट बिघडलं.

गावाला कळायला वेळ लागला नाही. दूध घालायला आलेल्या बायाही सोडायच्या नाहीत.

"मामा, आज फॅट किती लागली तुमची?"

"सकाळचंच देता का दोन्ही वक्ताचं?"

मामा माप भरता भरता म्हणायचे, "आटलोय सध्या. पेंड महाग झालीय."

हसायचे, पण नजर फाट्याकडं. नोकरी गेली तर आपल्यानंतर वस्तीतल्या कुणाला त्या केंद्राची पायरी चढू देणार नाहीत, हे ते जाणून होते. मला एकदा म्हणाले, "माझं एकट्याचं असतं तर म्या कवाच सोडली असती."

शेवटी मार्ग काढला मामीच्या जिभेनं. फाट्यावर गाडीचा क्लीनर कॅन चढवताना सांडलेलं दूध एका काळ्या कुत्र्याला झाकणात ओतून द्यायचा. ते कुत्रं एरवी केंद्राच्या ओट्याखाली पडलेलं असायचं. एकदा मामा पुन्हा रिकामेच परतले, तेव्हा मामी म्हणाली, "तुमच्यापरीस त्या कुत्र्याला कळतंय. गाडी असल्याबिगर उठत न्हाय ते."

मामा घास हातात धरून थांबले. मामीला वाटलं, राग आला. राग नव्हता आला.

त्या दिवसापासून मामांनी कानाचा नाद सोडला. दूध घ्यायचं आणि एक डोळा ओट्याखाली. लांबूनच गाडीच्या आवाजानं कुत्र्याचे कान उभे झाले की फॅटची नळी ठेवायची. ते उठून अंग झटकू लागलं की कॅन हातगाडीवर. आणि ते फाट्याकडं धावलं की मामा त्याच्या मागं. गाडी चुकायची बंद झाली. मी विचारलं, आता दुसऱ्याचा कान कसा चालतो? म्हणाले, "कुत्रं काय माझ्या जागंवर अर्ज करणार हाय का?"

चेअरमन एका सकाळी दोन सभासदांना घेऊन परीक्षा बघायला आले. खुर्च्या टाकून बसले. मामा शांत. मधेच उठून कॅन चढवू लागले.

"अजून कुठं वाजलाय हॉर्न?" एक सभासद म्हणाला.

"वाजंल," म्हणून मामा निघाले. निम्म्या वाटेवर असताना हॉर्न वाजला.

तिघं एकमेकांकडं बघत राहिले. "कान कशानं सुधारला?" परत आल्यावर त्यांनी विचारलं. मामा गडबडले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले, "जस्त."

पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते. ते पुन्हा दुष्काळाचं वर्ष होतं, निम्मी जनावरं छावणीला गेली होती, आणि म्हशीच्या मिश्रणाचा खप वाढला. ज्यांच्या दारात शेळीसुद्धा नव्हती ते म्हातारे पुडकी मागू लागले. गावात कानाचे इतके रोगी आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आठवडाभर टमरेल घेऊन पांदीच्या वाटेनं वर्दळ होती.

आणि एका दुपारी चेअरमन आमच्या वस्तीत आले. एकटेच, चेहरा उतरलेला. वस्तीत खुर्ची एकच होती, आमच्या घरची. ती मी मामांच्या दारात नेऊन ठेवली आणि उंबऱ्याशी उभी राहिले. मामीनं चहा टाकला.

"माझाबी कान वाजतोय," चेअरमन खाली बघत म्हणाले. "लई दिसांपासून. कुणाला सांगितलं न्हाय, म्हातारा झाला म्हणत्याल. तुमचं मिश्रण खाल्लं, तर नुसता वकतोय. किती घ्यायचं असतं, ते सांगा."

मामांनी करंगळी कानाकडं नेली आणि तशीच खाली घेतली. आत मामीनं भांडं जोरात आपटलं. त्याचा अर्थ गप्प बसा, हे मला कळलं, मामांनाही कळलं.

"मिश्रण खाऊ नगा," मामा म्हणाले. "त्यानं काय होत न्हाय. माझं अजून वाजतंय."

"मग हॉर्न कसा ऐकू येतो?"

"मला न्हाय येत. कुत्र्याला येतो."

आणि सगळं सांगून टाकलं. चेअरमन आधी समजले नाहीत. मग समजले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मामा हात जोडून उभे नव्हते, हेही सांगते. भिंतीला टेकून बसले होते.

"कुत्रं मेलं तर?" चेअरमननी विचारलं.

"दुसरं लावीन सवयीला. क्लीनरला सांगून ठिवलंय."

"मग झालं तर. गाडी गाठल्याशी मतलब." त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला आणि प्याले. आमच्या वस्तीत त्यांनी घेतलेला तो पहिला चहा. मग खुर्ची थोडी पुढं ओढून म्हणाले, "तुमचं कसं वाजतंय?"

"रातकिड्यावाणी. तुमचं?"

"माझं इंजनावाणी. पट्टा ढिला झाल्यावर करतंय न्हाय का, तसं."

"ते बरं मग. इंजनापाशी झोप तरी लागती."

दोघं मग कितीतरी वेळ बोलत बसले. कुणाचं कधी वाढतं, कुणाचं कुठल्या कुशीवर कमी होतं. मी खुर्ची परत न्यायला थांबले होते, ती दिवेलागणीला मिळाली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. कान शेवटपर्यंत वाजत राहिला. गोळ्यांनी, मिश्रणानं, कशानंही थांबला नाही. नोकरी त्यांनी वय पूर्ण होईपर्यंत केली. सोसायटीनं हार घालून निरोप दिला, आणि त्यांच्या जागी आमच्याच वस्तीतली एक मुलगी लागली, दहावी पास. तिच्या मापावर सगळ्या गावानं दूध घातलं, आणि त्यावर बैठकीत कुणी एक शब्द काढला नाही.