पायपुसण्याची फर, शालूचा पडदा

विमान कुवेतवर उतरायला लागलं तेव्हा खाली सगळीकडे कुणीतरी डाळीचं पीठ चाळून ठेवल्यासारखं दिसत होतं. मी मनातल्या मनात भाषणाची उजळणी करत होते. भाषण माझ्या भाचीसाठी होतं. ईरा बारावीला, तिला चित्रकला शिकायची होती. माझी धाकटी बहीण नीलिमा इथल्या इस्पितळात वीस वर्षं नर्स आहे, तिला ते अजिबात पसंत नव्हतं. मेहुण्यांनी हात वर केले होते आणि मायलेकी एकमेकींशी आमटी वाढण्यापुरतंच बोलत होत्या. "ताई, तू ये आणि समजाव तिला," नीलिमानं फोनवर सांगितलं होतं. आमच्या घरात समजावण्याचं खातं माझ्याकडे आहे. अजून कुणी समजलेलं नाही, पण खातं माझ्याकडे आहे.

त्यांचा फ्लॅट सबाह अल-सालेममध्ये. खिडक्यांना जाड पडदे, आणि ते कायम बंद, कारण ऊन आत आलं की एसी दमतो. जेवायला खबूस (भट्टीत भाजलेली गोल, जाड रोटी) आणि पिठलं. मी पहिला घास घेऊन भाषण सुरू केलं, "ईरा, कला ही छंद म्हणून..."

"मावशी, जरा खिडकीकडे बघ ना," ती म्हणाली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. "यू आर परफेक्ट."

या वयात असं ऐकल्यावर भाषण कुणाच्या लक्षात राहतं?

तिनं लॅपटॉप उघडला. पाचेकशे वर्षांपूर्वी नेदरलँड्सकडच्या चित्रकारांनी लाकडी फळ्यांवर तेलरंगात काढलेल्या बायका. आपापल्या खोलीत, बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात बसलेल्या. हातात छोटंसं पुस्तक, गळ्याशी फर, डोक्यावर कडक पांढरं वस्त्र, मागे लाल पडदा. शाळेनं सांगितलं होतं, असं एक चित्र घरातल्या वस्तू वापरून उभं करायचं आणि फोटो काढायचा. निवडक फोटो प्रदर्शनात लागणार होते. नीलिमाची अट होती: ईराचा फोटो निवडला गेला तर कॉलेजच्या अर्जाचं बघू, नाहीतर चित्रकलेचं नाव काढायचं नाही.

"पण मलाच का निवडलंस?" मी पदर सावरत विचारलं.

"कपाळ. तेव्हा बायका कपाळ मोठं दिसावं म्हणून पुढचे केस उपटायच्या. तुझे ऑलरेडी गेलेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही जलीब अल शुयूखला गुत्रा (अरब पुरुष डोक्यावर घेतात तो पांढरा चौकोनी रुमाल) आणायला गेलो. दुकानदार दापोलीकडचे, मराठी ऐकून खूश झाले.

"भावोजींसाठी काय?"

"नाही, मलाच हवाय."

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. "ताई, हा बायका घेत नाहीत."

"भाचीला माझा फोटो काढायचाय."

त्यांनी माझ्या डोक्याचा अंदाज घेतला. "मग हा नको. मोठा देतो."

शुक्रवारी नीलिमा सकाळच्या ड्यूटीला गेली आणि आम्ही कामाला लागलो. गुत्र्याला भाताच्या पेजेची खळ मीच दिली. तो वाळून पापडासारखा झाला. फर म्हणून बाथरूमसमोरचं लोकरी पायपुसणं, धुतलेलं होतं असं ईरा म्हणाली. पुस्तक म्हणून नीलिमाची औषधांची डायरी. लाल पडदा कुठून आणायचा, तर नीलिमाच्या लग्नातला शालू आम्ही पडद्याच्या दांडीवर टाकला. बाजूच्या दुसऱ्या खिडकीचा पडदा सारला. बाहेर धुरळ्यातून गाळून येणारा मऊ उजेड होता, अगदी चित्रातल्यासारखा. पण डोक्यावरचा गुत्रा काही केल्या उभा राहीना. दोन तास गेले. ईराच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. फोटो त्याच संध्याकाळी पाठवायचा होता.

तेवढ्यात नीलिमा दारात. तिनं शालू पाहिला, पायपुसणं पाहिलं, शेवटी मला पाहिलं.

"हे कुणी बांधलंय?"

"मी," ईरा म्हणाली.

"पेशंटचं डोकं असं बांधलं असतं तर मला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं." तिनं पर्स ठेवली, कोपरापर्यंत हात धुतले, टाचण्या ओठांत धरल्या आणि चादरीचे कोपरे दुमडावेत तसा गुत्रा दुमडायला लागली. "ताई, हलू नकोस. टोचेल."

"आई, थोडी डावीकडे हो. उजेड अडतोय."

"या बायकांनाही दुसऱ्या कुणीतरीच बांधून द्यावं लागत असेल ना?" नीलिमानं लॅपटॉपवरच्या चित्राकडे बघत विचारलं.

"हो. हे बघ, टाचणीपण दिसते. चित्रकारानं तीपण पेंट केलीये."

नीलिमा वाकून बघत राहिली. "एवढीशी? कशाला?"

"कारण ती तिथे होती, आई. त्यानं नीट बघितलं."

"मीही दिवसभर तेच करते," नीलिमा हळूच म्हणाली. "टाका नीट बसलाय का, सलाईन नीट पडतंय का."

"मग तुला कळायला पाहिजे."

हीच वेळ होती. माझ्याकडे एक सुरेख वाक्य तयार होतं. मी तोंड उघडलं.

"हलू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या.

पुढचा तासभर त्या माझ्या डोक्यावरून बोलत होत्या. कोर्स किती वर्षांचा, हॉस्टेल कसं, पुढे करायचं काय. मी नाकाला खाज सुटलेली असूनही तशीच बसून राहिले. मधूनमधून कॅमेरा वाजत होता.

शाळेनं निवडलेला फोटो ओठांत टाचण्या धरून वाकलेल्या नीलिमाचा होता. खोलीतल्या उजेडात काय देखणी दिसत होती. मी कोपऱ्यात होते, डोळे मिटलेली. अर्ज दोघींनी मिळून भरला.

विमानतळावर नीलिमा म्हणाली, "ताई, तू आलीस म्हणून झालं. नाहीतर ईरा ऐकणारी नव्हती." नक्की कुणी कुणाचं ऐकलं, हा खुलासा मी केला नाही. परतताना मात्र विचार करत होते. इतकी वर्षं मी माणसांच्या मधे बसून बोलत आले. नुसती मधे बसले असते तरी त्यातली निम्मी भांडणं मिटली असती.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "मग, काय काय सांगितलंस तिला?"

"काहीच नाही."

हे चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "कुणा डॉक्टरला दाखवायचं का?"